चांगल्यातलं पाणी

पाणी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायचं नाही! शाळेत आपण फार टिकलो नाही, ते जाऊ द्या. पण नळ, पाइप, बॉयलर, गळती, तुंबलेली मोरी, ह्यात माझा हात धरणारा माणूस नेकार नदीच्या दोन्ही काठांना नाही. भिंतीला कान लावून सांगतो, पाणी कुठं मुरतंय ते! आमची रोझविथा, म्हणजे बायको, म्हणते, "भिंतीतलं ऐकू येतं तुला, आणि मी समोर बसून बोलते ते नाही." तो विषय वेगळा.

तर असा हा पाण्यातला दर्दी, म्हणजे मी, ऑयगेन श्लेनकर, गावाबाहेरच्या प्रयोगशाळेचा केअरटेकर. दिवे, कुलपं, बॉयलर, जिने, सगळं माझ्याकडे. आणि ह्या प्रयोगशाळेत काय करतात म्हणाल, तर गंज करतात!

हसू नका. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. आमच्या मुलखात गंज म्हणजे शेजाऱ्यांनी बोलणं टाकावं असला प्रकार. सायकलच्या घंटीवर तांबूस ठिपका दिसला, तर लोक हळूच विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? आणि इथं चांगली शिकलेली माणसं महिन्याचा पगार घेऊन स्वच्छ काचेवर गंज चढवतात! तोही केसाहून कितीतरी पातळ. फवारायचा, भट्टीत भाजायचा, काच उन्हात धरायची आणि "आहाहा, काय रंग आलाय" म्हणायचं. ती काच मग पाण्यात उभी करायची, मागं आधाराला एक छोटी सौर पट्टी, शेजारी एक तार, तिच्यावर वायू धरायला उलटी नळी. ऊन गंजावर पडलं की पाण्याची फोड होते. काचेकडून ऑक्सिजनचे बुडबुडे, तारेकडून हायड्रोजनचे. तो हायड्रोजन जाळला की परत पाणीच. धूर नाही, राख नाही, मागं झाडायला काही उरत नाही. हे शेवटचं ऐकलं आणि मला ते शास्त्र पटलं.

ह्या गंजाची मालकीण म्हणजे मारायके. हॅम्बुर्गची पोरगी, उंच, वाऱ्यात उभ्या केलेल्या शिडीसारखी. आमच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मला नावानं हाक मारते पण 'तुम्ही' म्हणते, ती त्यांच्या गावची तऱ्हा. "ऑयगेन, तुम्ही माझ्या खोलीतला नळ परत दुरुस्त केलात? तो बिघडला नव्हता." असं. तीन वर्षं ती एका काचेच्या मागं होती. शंभर काचा फुटल्या, शंभर पोपडे होऊन निघाल्या, आणि शेवटी ह्या वसंतात एक काच जमली. तळहाताएवढी, विटेच्या रंगाची. त्या दिवशी ती जिना उतरताना गात होती. हॅम्बुर्गची माणसं गात नाहीत हो! मी बॉयलर बंद करून ऐकलं.

आता घोळ असा की सरकारला तिचं गाणं ऐकू गेलं नव्हतं. स्टुटगार्टहून मंत्रालयातले डॉक्टर क्लुम्प येणार होते. प्रयोगशाळा पुढं चालू ठेवायची का कुलूप लावायचं, हे तेच ठरवणार. कुलूप लागलं तर मारायके परत हॅम्बुर्गला, काच कुठल्यातरी खोक्यात, आणि आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी ढोल वाजवणारा भाडेकरू! रोझविथानं तर पोरीच्या नावानं डोळ्याला पदरासारखा ॲप्रन लावायला सुरुवातही केली होती.

क्लुम्पसाहेबांसाठी दिवस निवडला तो खुल्या दाराचा. त्या दिवशी सगळं गाव प्रयोगशाळा बघायला येतं, म्हणजे खायला येतं. अंगणात टेबलं, रोझविथाचं बटाट्याचं सलाड, ब्रेत्सेलच्या, म्हणजे मीठ लावलेल्या वेटोळ्या पावांच्या टोपल्या, आणि मधोमध मानाच्या टेबलावर मारायकेची काचेची टाकी, वर माझा इस्त्री केलेला टेबलक्लॉथ. साहेब आले की कापड ओढायचं!

सकाळी मारायके आणि तिच्या प्रोफेसर डिटमार बाई साहेबांना आणायला स्टेशनवर निघाल्या.

"ऑयगेन," मारायके म्हणाली, "टाकीत काच लावून ठेवलीय. पाणी मी आल्यावर कॅनमधलं ओतते. तुम्ही फक्त अंगण बघा."

"फक्त अंगण?"

"फक्त अंगण!"

आता माझं अंगण तर उजाडतानाच झाडून झालं होतं! आमच्याकडे प्रत्येक इमारतीत झाडूची पाटी असते. ज्याच्या दाराला ती लटकते, त्यानं आठवडाभर जिना, अंगण आणि फूटपाथ झाडायचा; मग पाटी शेजाऱ्याच्या दाराला. घरी माझी पाळी नसली तरी मी झाडतो. हाताला सवय. तेव्हा अंगण झालं, मी मोकळा, आणि समोर तो कॅन.

कॅनवर मारायकेच्या अक्षरात मोठ्ठं 'पाणी' लिहिलं होतं. खाली मुंगीच्या अक्षरांचं एक पिवळं लेबलही होतं. पण चष्मा माझा दुसऱ्या कोटात. म्हटलं बघू तरी, सरकारी पाहुण्यांसमोर पोरगी काय ओतणार आहे. झाकण काढलं, एक थेंब बोटावर घेतला, चोळला.

बुळबुळीत! साबणाचं पाणी!

मी कपाळाला हात लावला. पोरीनं घाईत भांडी घासायचं पाणी भरून ठेवलंय! हॅम्बुर्गला कशात काय ठेवतील नेम नाही. आता सगळ्या गावासमोर टाकीत फेस झाला असता! वाचली बिचारी. माझ्यासारखा माणूस होता म्हणून वाचली.

साबणाचं पाणी फेकायचं नसतं. आमच्याकडे ते फेकणाऱ्याला बायको मिळत नाही. मी आईच्या वेळची ॲल्युमिनियमची झाकणाची बादली काढली, हातमोजे चढवले, कॅन तिच्यात रिकामा केला आणि मुख्य जिना पुसून काढला. काय जिना निघाला हो! वर्षानुवर्षांचं पिवळं मेण असं सुटलं, जसं काही त्यालाच घरी जायची घाई होती. अर्धी बादली उरली. ती म्हटलं संध्याकाळी तळघराच्या पायऱ्यांना होईल. झाकण गच्च दाबून खाण्याच्या टेबलाखाली सरकवून दिली.

आता राहिलं टाकीचं पाणी.

नळाचं घालू? आमचं नळाचं पाणी म्हणजे पातळ केलेला खडू! किटलीत दोनदा उकळा, तिसऱ्यांदा पुतळा निघतो. आणि नळाचं पाणी आम्ही पितो का? इस्त्रीत घालतो, फुलांना घालतो. पाहुण्याला नळाचं पाणी देणं म्हणजे त्याला दारात उभं ठेवणं. बिनबुडबुड्याचं पाणी तर फक्त आजाऱ्याला, तेही डॉक्टरनं लिहून दिलं तर!

मी तळघरातून माझं स्वतःचं क्रेट आणलं. आमच्या गावच्या झऱ्याचं पाणी, काचेच्या बाटल्या, वर गावाचं चिन्ह. पेल्यात ओतलं की नाकात जातं असलं ताजं. फस्स, फस्स, फस्स, एकेक बाटली उघडली आणि काठाकाठानं टाकीत सोडली. भांडंभर उरलं ते मी प्यायलो. मग टेबलक्लॉथ नीट घातला, एक सुरकुती होती ती हातानं काढली. सांगतो तुम्हाला, असा अभिमान वाटला! पाणी द्यावं तर चांगल्यातलं.

तेवढ्यात बर्टोल्ड आला. पेशानं बेकर, हौसेनं गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख. पन्नास वर्षं आम्ही एकमेकांचा अपमान करत आलोय.

"काय रे, तुझ्या त्या गंजक्या काचेला आग लागली तर म्हणून बोलावलंय मला," तो म्हणाला. "पण मी म्हटलं, गंज कधी पेटतो का?"

"तुझे ब्रेत्सेल पेटले होते गेल्या नाताळात."

"तो भट्टीचा दोष!"

तिकडून रोझविथा ओरडली, "ऑयगेन! ही टेबलाखालची बादली कोमट कशी?"

"उन्हानं!"

"सावलीत?"

"जुनी बादली आहे, ऊब धरून ठेवते!"

"बरंय मग. कडेला ओढून ब्रेत्सेलची टोपली ठेवते हिच्यावर. गरम राहतील."

बादली आतून कुरकुरल्यासारखी झाली. मी म्हटलं वय झालंय तिचं, आपलंही होतं.

आणि साहेब आले! डॉक्टर क्लुम्प म्हणजे सरळ टोकदार पेन्सिलसारखे गृहस्थ, डोक्यावर करड्या रंगाची टोपी, चेहऱ्यावर सकाळपासून तीन उद्घाटनं बघितल्याचा कंटाळा. डिटमार बाई त्यांच्या डाव्या कानाशी बोलत होत्या, मारायके उजव्या बाजूला पांढरीफटक. सगळं गाव हातात ताटल्या घेऊन गोळा झालं.

मारायके घसा खाकरून म्हणाली, "बुडबुडे फार बारीक असतात. दिसायला वेळ लागतो. तेव्हा कृपया धीर... आधी मी पाणी..."

"पाणी घातलंय!" मी मागून ओरडलो. आणि तिचा वेळ वाचावा म्हणून कापडही मीच ओढलं.

टाकी नुसती उसळत होती!

काचेवर मोत्यांच्या माळा! तारेवर द्राक्षांचे घोस! बुडबुड्यांची अशी रांग लागली होती वर, जशी सुट्टीच्या आदल्या दिवशी बेकरीसमोर लागते. तारेवरच्या उलट्या नळीत वायू भराभर जमत होता. सगळं गाव एका आवाजात "ओहोहो!" म्हणालं. टाळ्या! बर्टोल्डनं शिट्टी मारली. डिटमार बाईंनी मारायकेला मिठी मारली.

"मारायके! तू मला बोलली नाहीस!"

"मी..." मारायके म्हणाली. बदकाच्या अंड्यातून घोडा निघालेला बघावा तशी ती टाकीकडे बघत होती. "हे शक्यच नाही."

"विनय!" बाई क्लुम्पसाहेबांना म्हणाल्या. "उत्तरेकडची आहे ना!"

मी बर्टोल्डला कोपरानं ढोसलं. "चांगलं पाणी घातलं की काचेलाही हुरूप येतो बघ."

क्लुम्पसाहेबांचा कंटाळा कुठल्याकुठं पळाला. ते वाकले, नाक टाकीला लावलं. मग त्यांनी वर पाहिलं. मी पण पाहिलं. आभाळात हा एवढा ढग! उन्हाचा पत्ता नाही.

"ऊन नाहीये," साहेब म्हणाले.

"ढगातूनही उजेड येतोच की!" डिटमार बाई म्हणाल्या. पण आवाज जरा बारीक झाला होता.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काचेसमोर धरली. पूर्ण सावली. बुडबुडे चालू! टोपी वर केली, चालू. खाली केली, जास्तच चालू.

"अंधारातसुद्धा चालतं!" मी आनंदानं ओरडलो. "रात्रपाळी करतं साहेब!"

मारायकेनं हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मी एक पाऊल बर्टोल्डच्या मागं सरकलो.

"वायूची परीक्षा घेऊ या," साहेब म्हणाले. "नळीतल्या वायूला काडी लावली की हायड्रोजन फट्‌ करून वाजतो. शाळेत सगळ्यांनीच केलंय."

मी नव्हतं केलं. त्या वर्षापर्यंत आपण टिकलोच नाही. पण मान डोलावली.

आगीचं काम म्हणून बर्टोल्ड छाती काढून पुढं झाला. मारायकेनं नळीच्या तोंडाला बोट लावून ती उचलली. काडी पेटली. सगळ्या गावानं कानात बोटं घातली. बर्टोल्डनं काडी नळीत नेली.

विझली.

"वारा आहे," बर्टोल्ड म्हणाला. दुसरी काडी. आत नेली. विझली! नुसती विझली नाही, कोणीतरी फुंकर घालावी तशी विझली.

"माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत," क्लुम्पसाहेब म्हणाले, "आग विझवणारं इंधन मी पहिल्यांदाच बघतोय."

"मला देऊन टाका!" बर्टोल्ड म्हणाला. "गाडीच्या टाकीत भरतो!" गाव हसलं. मारायके हसली नाही. ती नळी घट्ट धरून उभी होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा बर्टोल्डच्या विनोदाचा खरोखर राग आला.

"तिसरी लाव ना गाढवा, नीट लाव!" मी म्हणालो.

त्यानं तिसरी पेटवली. माझ्याशी वाद घालण्यात ती हातातच जळत गेली, बोटाला चटका बसला, "आई गं!" म्हणून त्यानं हात झटकला. काडी उडून खाण्याच्या टेबलाखाली गेली.

फडाम्!!

झाकण टेबलाच्या कडेवरून सुसाट वर गेलं. त्याच्यापुढं टोपली. टोपलीपुढं ब्रेत्सेल! आभाळातून ब्रेत्सेलचा पाऊस! एक डिटमार बाईंच्या मनगटात बांगडीसारखा बसला. एक बर्टोल्डच्या हेल्मेटवर आपटून फुटला. त्याचेच ब्रेत्सेल ते, दगडासारखे. झाकण गरगरत खाली आलं आणि बटाट्याच्या सलाडात उभं रुतलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग रोझविथाचा आवाज आला. "ऑयगेन श्लेनकर! बादलीत काय होतं?"

"साबणाचं पाणी."

"कुठलं साबणाचं पाणी?" मारायके.

"तुझं. कॅनमधलं. बुळबुळीत होतं म्हणून जिना पुसला."

"तो कॉस्टिक होता! पाण्यात मीच घातलेला! त्याशिवाय काच चालत नाही!" तिनं बादलीत डोकावून पाहिलं. आतून अजून चुरचुर चालली होती. "आणि ही बादली ॲल्युमिनियमची? ऑयगेन! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो!"

कॉस्टिक! अहो, मोऱ्या मोकळ्या करायला मी स्वतः तेच वापरतो! डबा माझ्या कपाटात आहे! बोटाला लागला की असाच बुळबुळीत लागतो, हे मला जन्माचं ठाऊक. पण कॅनमध्ये, सणाच्या दिवशी, पोरीच्या अक्षरात 'पाणी' लिहिलेलं... जाऊ द्या.

"मग टाकीत काय आहे?" मारायकेनं विचारलं. पण तोवर तिला माझं क्रेट दिसलं होतं. तिनं एक रिकामी बाटली उचलली. बाटलीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि क्रेटवरच मटकन बसली.

"काडी विझवणारा कार्बन डायऑक्साइड! बुडबुड्यांचं पाणी," ती म्हणाली. "बुडबुडे बघायच्या टाकीत."

"आपल्या झऱ्याचं आहे," मी म्हणालो. "चांगल्यातलं."

तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. रोझविथा धावली. हात काढले तर पोरगी हसत होती! गुदमरेपर्यंत हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. त्यातलं किती हसण्याचं आणि किती रडण्याचं, हे मात्र मला सांगता येईना.

क्लुम्पसाहेबांनी टोपीवरचं मीठ झटकलं. "थोडक्यात, आज इथं हायड्रोजन एकाच ठिकाणी झाला. केअरटेकरच्या बादलीत. आणि सूर्याचा त्याच्याशी काही संबंध नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडीची वेळ झाली."

डिटमार बाईंनी त्यांची बाही धरली. मनगटातला ब्रेत्सेल नुसता हलत होता.

मारायके उठली. डोळे पुसले. "थांबा," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ते खोटं होतं. खरं ह्याहून खूप लहान आहे. पण आहे. ते न बघता जाऊ नका."

"बाई, माझी गाडी..."

"गाडी तासातासाला असते," रोझविथा मध्ये पडली. ताटली तिच्या हातात होतीच. "बटाट्याचं सलाड तसं नसतं. बसा! झाकणाच्या ह्या बाजूचं स्वच्छ आहे."

साहेब बसले. रोझविथा बसा म्हणाली की बॉयलरसुद्धा बसतो.

मारायके नवीन पाणी करायला आत पळाली. मी म्हटलं निदान टाकी तरी धुतो. धुतली. लखलखीत केली. मग काच हातात घेतली. आणि काय सांगू, चाळीस वर्षांची सवय! समोर गंज, खिशात तारेची घासणी. हात आपोआप गेला.

"नकोऽऽऽ!!"

अख्खं गाव ओरडलं. बर्टोल्डनं तर मला मिठीच मारली, दोन्ही हात जखडून, आणि काच माझ्या बोटांतून अशी अलगद काढून घेतली, जशी बाळाच्या हातून सुरी काढावी.

"पुढं तू काही धुवू नकोस," तो कानात म्हणाला. "इथंच उभा राहा. श्वास घेतलास तरी चालेल."

मारायके आली. टाकी भरली. पाणी गप्प. काच गप्प. ढग तसाच. गाव टाकीभोवती गोल करून उभं, कोणी चमचासुद्धा वाजवेना. साहेबांचं सलाड संपलं, रोझविथानं दुसरं वाढलं. तेही संपलं. ढगाला काही घाई नव्हती. त्या ढगाला मी मनातल्या मनात जे जे म्हणालो, ते इथं लिहिता यायचं नाही.

आणि मग अंगणाच्या टोकाकडून ऊन आलं. फरशीवरून, टेबलांवरून, बर्टोल्डच्या हेल्मेटवरून सरकत टाकीवर चढलं. विटेच्या रंगाची ती काच आतून पेटल्यासारखी लाल झाली.

"तिथं!" रोझविथा कुजबुजली.

तारेच्या टोकाला एक ठिपका. टाचणीच्या टोकाएवढा. फुगला, थरथरला, सुटला आणि वर गेला.

"एक!" बर्टोल्ड गरजला. 

असा जल्लोष झाला, की आमच्या फुटबॉल टीमला बिचारीला जन्मात तसला ऐकायला मिळालेला नाही. आणखी एक! मग दोन एकदम! "चल रे!" "हा बघ, हा जाड आहे!" "अरे, सोड की तारेला, किती चिकटशील!" प्रत्येक बुडबुड्याला लोक हाका मारत होते, टाळ्या देत होते.

क्लुम्पसाहेब ताटली ठेवून उठले. टोपी काढली. काचेसमोर धरली.

बुडबुडे थांबले.

गाव थांबलं. साहेबांनी टोपी बाजूला केली. एक... दोन... तीन! सुरू! टोपी आड, बंद. टोपी बाजूला, सुरू. आड, बंद! सुरू! त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं पोराला पहिल्यांदा दिव्याचं बटण सापडतं. किती वेळ ते टोपी हलवत होते! त्यांची एक गाडी गेली, दुसरीही गेली. मग बर्टोल्डनं हेल्मेटनं करून पाहिलं, डिटमार बाईंनी ब्रेत्सेलनं. त्याच्या भोकांतून ऊन येई, तेव्हा ते नीटसं जमलं नाही.

ऊन उतरायच्या आत नळीत बोटाच्या पेराएवढा वायू जमला. बर्टोल्डनं काडी पेटवली. ह्या वेळी वाद नाही, काही नाही. नळीच्या तोंडाशी नेली.

टुक्!

उंदराला शिंक यावी एवढाच आवाज. पण आला! मारायकेनं डोळे मिटून घेतले.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली. "अजून तरी एवढंच."

"सावलीत बंद पडतं, उन्हात चालतं," साहेब म्हणाले. "मला एवढंच बघायचं होतं. प्रयोगशाळा चालू राहील." आणि गाव ओरडायच्या आत त्यांनी पेन्सिलीसारखं बोट माझ्याकडे केलं. "एका अटीवर. ह्या गृहस्थांनी ह्यापुढं पाण्याला हात लावायचा नाही."

"मान्य!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं. मारायकेचा आवाज सगळ्यात मोठा. मग तिनं येऊन माझ्या टकलावर असा मुका दिला, की बर्टोल्ड आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

तर, पाण्यातला एवढा मोठा दर्दी माणूस, आणि त्याला सरकारी पाणीबंदी! पण विचार केला, ह्यात सोय आहे. त्या रात्री जेवण झाल्यावर मी ताटं तशीच ठेवून आरामखुर्चीत बसलो. वरून मारायकेचं गाणं ऐकू येत होतं. रोझविथानं मोरीकडे बोट केलं. मी म्हटलं, "हात लावता येत नाही. मंत्रालयाची अट आहे. भांडी नाही, खिडक्या नाही, जिना पुसणं तर अजिबात नाही! कायदा म्हणजे कायदा."

रोझविथानं हात पुसले. शांतपणे बाहेर गेली. मी मनात म्हटलं, जिंकलो! दाराबाहेर खिळ्याला काहीतरी टांगल्याचा आवाज आला. जाऊन बघतो, तर झाडूची पाटी! शेजाऱ्यांची पाळी चालू होती, त्यांच्या दाराची काढून आमच्या दाराला! आणि खाली आपापली पाळी मला दिल्याच्या सगळ्या भाडेकरूंच्या सह्या, वर्षअखेरपर्यंतच्या. पहिली सही मारायकेची.

"अगं, पण माझ्यावर बंदी..."

"पाण्याची," रोझविथा म्हणाली आणि झाडू माझ्या हातात दिला. "हा कोरडा असतो."